कोरल मिटलेत, गोगलगायी मरतायत, मासे ठणठणीत: २०० लिटरची खारी टाकी कशी सावरावी?

खारट_कोथरूड | १२ एप्रिल, रात्री ९:४८

टाकी ३ फूट × दीड × दीड. खालची संप (फिल्टरची दुसरी टाकी) धरून आणि दगडांची जागा वजा करून पाणी साधारण २०० लिटर. वय १४ महिने. फक्त सॉफ्ट कोरल: झोआ, मशरूम, एक लेदर. दोन क्लाउनफिश.

गेल्या तीन आठवड्यांतली लक्षणं: झोआ दिवसभर मिटलेले. लेदरवर मेणासारखा पापुद्रा. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखा थर. दुपारी त्यात बुडबुडे अडकतात, रात्री थर कमी होतो, सकाळी दिवे लागले की परत. पाचपैकी चार गोगलगायी मेल्या, क्लीनर कोळंबी गेली. मासे मात्र मस्त खातायत.

रीडिंग: क्षारता १.०२६ (घनतेचा आकडा, काट्याच्या हायड्रोमीटरवर), तापमान सकाळी २७.५, दुपारी ३०, नायट्रेट ०, फॉस्फेट ०, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) १२.४ डीकेएच (फेब्रुवारीत ८.२ होती), पीएच सकाळी ७.९. फॉस्फेट ओढणारी लोहाची पूड रिअ‍ॅक्टरमध्ये चालू आहे. बाष्पीभवन रोज ४ लिटर. टॉप-अपचं (उडालेल्याची भरपाई करायचं) पाणी स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं, टीडीएस ४८. टॉप-अपच्या २० लिटरच्या कॅनमध्ये ५ ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइड (चुना).

प्रश्न एकच: आधी कशाला हात लावू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पिंपळे_सौदागर | १२ एप्रिल, रात्री १०:०५

सरळ अर्धं पाणी बदला, तीन दिवस टाकीवर काळं कापड टाका, वरून शैवाल मारायचं औषध. विषय संपला.

टीडीएस_शून्य | १२ एप्रिल, रात्री १०:३१

विषय नाही, टाकी संपेल. शेंबडासारखे धागे, बुडबुडे, रात्री गायब आणि नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य: हे डायनोफ्लॅजेलेट (सूक्ष्म एकपेशीय जीव, थोडक्यात डायनो) असण्याची शक्यता दाट आहे. यांची गंमत अशी की पाणी जितकं 'स्वच्छ' तितके हे माजतात. हिरवं शैवाल, डायटम (काचेसारख्या कवचाचं सूक्ष्म शैवाल) आणि बॅक्टेरिया उपाशी मरतात आणि मैदान यांना मोकळं. हे स्वतः प्रकाशावरही जगतात आणि बॅक्टेरिया गिळूनही जगतात, त्यामुळे उपासमारीचा यांना फरक पडत नाही. मोठा पाणीबदल केलात तर उरलंसुरलं पोषणही जाईल.

आज रात्रीच एक काम करा. ती लोहाची पूड काढा. बाकी कशाला हात लावू नका.

कॅल्शियमकाका | १२ एप्रिल, रात्री ११:१२

अल्कलिनिटीचं गणित कुणी केलं नाही म्हणून करतो.

२० लिटरमध्ये ५ ग्रॅम म्हणजे लिटरला पाव ग्रॅम. एका ग्रॅम कॅल्शियम हायड्रॉक्साइडमध्ये २७ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे लिटरला पावणेसात. रोज ४ लिटर उडालं की २७ मिलिइक्विव्हॅलंट टाकीत गेले. भागिले २०० लिटर, गुणिले २.८ (लिटरला एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे २.८ डीकेएच). रोज सुमारे ०.३८ डीकेएच.

आता थंडीत तुमचं बाष्पीभवन दीड लिटर असेल. तेव्हा हाच डोस ०.१४ होता. सॉफ्ट कोरल आणि दगडावरचं जांभळं कोरलाइन शैवाल मिळून तेवढंच खातात, म्हणून फेब्रुवारीत काटा ८.२ वर उभा होता. एप्रिल लागला, पंखे सुरू झाले, कॅन लवकर रिकामा व्हायला लागला आणि डोस न वाढवता वाढला. १२.४ चं कोडं एवढंच आहे.

चुना टॉप-अपमध्ये घालायची पद्धत चांगली आहे, पण जिथे वर्षभर हवा सारखीच असते तिथे. पुण्यात एप्रिलची दुपार आणि जुलैची दुपार यांच्यात बाष्पीभवन निम्म्याहून कमी होतं. चुना घालायचाच तर वेगळ्या डोसिंग पंपाने मोजून घाला. नाहीतर सॉफ्ट कोरलच्या टाकीला तो मुळात लागत नाही, पाणीबदलातून भागतं.

आता: चुना बंद. अल्कलिनिटी आपोआप उतरू द्या. व्हिनेगर, लिंबू, अ‍ॅसिड काहीही नको.

मुठेकाठची_रेवती | १२ एप्रिल, रात्री ११:२०

"डोस न वाढवता वाढला" +१. वाचनखूण साठवली.

चिंचवडचा_चिमटा | १३ एप्रिल, सकाळी ७:५५

पानाचा चुना चालतो का हो काका? कोपऱ्यावर फुकट मिळतो.

कॅल्शियमकाका | १३ एप्रिल, सकाळी ८:१०

टाकीत नाही. पानात चालतो. (ओला असल्याने त्यात चुना किती आणि पाणी किती ते कळत नाही, शिवाय शुद्धतेची हमी नाही.)

औंधकर | १३ एप्रिल, सकाळी ९:२६

सगळे पोषणाच्या मागे लागलेत. मला पहिल्या पोस्टमधली दुसरीच ओळ खटकते: "स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं". मासे ठणठणीत, गोगलगायी आणि कोळंबी मेली. हे तांब्याचं जुनं लक्षण आहे. मासा जेवढं तांबं पचवतो त्याच्या अंशानेही बिनकण्याचे प्राणी जातात. आजकाल बरेच घरगुती प्युरिफायर 'कॉपर'वाले असतात, पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात. माणसाला ठीक. टाकीत रोज ४ लिटर जातं, पाणी उडून जातं आणि तांबं मागे राहतं.

हेच टीडीएसचं. ४८ टीडीएसचं ४ लिटर म्हणजे रोज १९० मिलिग्रॅम काहीतरी टाकीत साचतं. दोन महिन्यांत साडेअकरा ग्रॅम. त्यात काय आहे हे मीटर सांगत नाही.

बाटलीवर, खोक्यावर बघा. कॉपर लिहिलंय का?

खारट_कोथरूड | १३ एप्रिल, सकाळी १०:०२

लिहिलंय. मोठ्या अक्षरात.

चिंचवडचा_चिमटा | १३ एप्रिल, सकाळी १०:०४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टीडीएस_शून्य | १३ एप्रिल, सकाळी ११:४०

औंधकर, मुद्दा मान्य, पण निकाल लगेच नको. काही डायनो, विशेषतः ऑस्ट्रिऑप्सिस, विषारी असतात. ते खाऊन गोगलगायी मरतात आणि मासे ठीक राहतात. म्हणजे हेच लक्षण दोन्हीकडे बसतं. आणि दोघांचा उपाय उलटा आहे: तांबं असेल तर पाणी बदलायचं, डायनो असतील तर बदल थांबवायचा. म्हणून ओळख पटवल्याशिवाय एक बादलीसुद्धा नको.

ओळखायच्या दोन पायऱ्या.

पहिली फुकट. थोडा शेंबूड टाकीच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, अर्धा मिनिट जोरात हलवा, म्हणजे धागे सुटे होतील. कॉफीच्या कागदी गाळणीतून गाळा. खालचं पाणी स्वच्छ दिसेल. ते दिव्याखाली तासभर ठेवा. परत धागे जमले तर डायनो. काहीच जमलं नाही तर डायटम किंवा सायनो (सायनोबॅक्टेरिया).

दुसरी मायक्रोस्कोप, ४०० पट. शाळकरी मुलांचा चालतो. तिळासारखे, एका बाजूला टोक असलेले आणि त्या टोकाभोवती गिरक्या घेणारे दिसले तर ऑस्ट्रिऑप्सिस. लंबगोल, काचेवरून शांतपणे घसरत जाणारे असले तर अ‍ॅम्फिडिनियम. काचेच्या काड्यांसारखे, जवळपास स्थिर असले तर डायटम, मग निश्चिंत झोपा.

हा फरक महत्त्वाचा, कारण ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात मोकळे फिरतात, तेव्हा यूव्हीने (अतिनील दिव्याने) मारता येतात. अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच राहतात. त्यांच्यावर यूव्ही म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

आणि तांब्यासाठी: पॉलीफिल्टरचा (घाण आणि धातू शोषून रंग बदलणाऱ्या गादीचा) तुकडा संपमध्ये, जिथून सगळं पाणी जातं तिथे ठेवा. नुसता तपकिरी झाला तर सेंद्रिय घाण. निळसर झाला तर औंधकर बरोबर. घरगुती तांबं-किटवर विसंबू नका. त्यात रंग दिसू लागतो त्याआधीच गोगलगायींचं काम झालेलं असतं.

बावधन_बुद्रुक | १३ एप्रिल, दुपारी १:१५

अजून एक संशयित, ज्याचं नाव कुणी घेत नाही: डासांचं लिक्विड. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं कवचधारी प्राण्यांना फार कमी मात्रेत मारतात. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवाच ओढून पाण्यात घुसळतो, म्हणजे ते थेट पाण्यात. पेस्ट कंट्रोल, उदबत्तीचा धूर, रूम फ्रेशनर सगळ्यांना हाच रस्ता. स्किमरच्या हवेच्या नळीला ६ मिमीची लांब नळी जोडून खिडकीबाहेर काढा. बंद फ्लॅटमध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच ७.९ त्यामुळेही असेल, तोही बाहेरच्या हवेने थोडा वर येतो. मात्र सोसायटीत धूरफवारणीची गाडी आली की नळी आत घ्या.

शनिवारातला | १३ एप्रिल, दुपारी २:३०

इतका खटाटोप करण्यापेक्षा अलिबागहून समुद्राचं पाणी आणा. खरा समुद्र तो खरा समुद्र.

औंधकर | १३ एप्रिल, दुपारी ३:०५

किनाऱ्याचं पाणी म्हणजे गाळ, सांडपाणी, बोटींचं तेल. पावसाळ्यात नद्यांमुळे किनाऱ्याजवळची क्षारता उतरते ते वेगळंच. आणायचं तर खोल पाण्यातून, मग गाळणं, मग अंधारात साठवणं, आणि वर घाट. मिठाची पिशवी स्वस्त पडते. २० लिटर पाण्याला साधारण ७५० ग्रॅम मीठ, पंप लावून २४ तास घुसळायचं, तापमान जुळवायचं, मगच घालायचं. आणि प्राणी टाकीत असताना मीठ कोरडं ओतायचं नाही, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

मुठेकाठची_रेवती | १३ एप्रिल, दुपारी ४:१८

क्षारतेचा आकडा काट्याच्या हायड्रोमीटरचा आहे. काट्याला एक बुडबुडा चिकटला की तो वर जातो, आकडा जास्त दाखवतो, खरी क्षारता कमी असते. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता सांगणारं उपकरण) घ्या आणि तोही साध्या पाण्याने शून्य करून सोडू नका, ३५ च्या (हजार भागांत ३५ भाग क्षार, म्हणजे १.०२६ च्या) जवळ तपासा. घरी द्रावण करता येतं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ, ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. रिफ्रॅक्टोमीटरवर हे बरोबर ३५ दिसायला हवं. एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. द्रावण फक्त कॅलिब्रेशनला, टाकीत नाही.

पिंपळे_सौदागर | १३ एप्रिल, सायं. ६:५०

सगळे मिळून माणसाला घाबरवताय. नायट्रेट शून्य दिसतं कारण शैवाल ते खातंय. म्हणजे खरं पोषण भरपूर आहे, मग ती लोहाची पूड कशाला काढायला सांगता?

टीडीएस_शून्य | १३ एप्रिल, रात्री ८:१५

हिरव्या केसाळ शैवालाच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे, तिथे शून्य फसवं असतं. डायनोच्या बाबतीत तेच शून्य त्यांच्या फायद्याचं आहे, कारण स्पर्धक उपाशी आहेत. ओळख पटेपर्यंत वाद राखून ठेवू.

एक मात्र ठाम: वरचं "औषध" नको. लाल सायनोवर चालणारं इरिथ्रोमायसिन मेडिकलमधून आणून डायनोवर ओतणारे लोक आहेत. ते बॅक्टेरियावर चालतं. डायनो बॅक्टेरिया नाहीत, उलट त्यांचे प्रतिस्पर्धी मारून तुम्ही त्यांचीच सोय करता.

खारट_कोथरूड | १६ एप्रिल, रात्री १०:२०

अहवाल. गाळलेलं पाणी: पाऊण तासात परत धागे. मायक्रोस्कोप: तीळ, टोकाभोवती गिरक्या. थरातला प्रत्येक थेंब भरलेला. पॉलीफिल्टर तीन दिवसांनी: बहुतेक तपकिरी, एका कडेला हिरवट-निळा. रिफ्रॅक्टोमीटर: १.०२६ नाही, १.०२३.

औंधकर | १६ एप्रिल, रात्री १०:३३

निळा!

टीडीएस_शून्य | १६ एप्रिल, रात्री १०:३५

गिरक्या!

चिंचवडचा_चिमटा | १६ एप्रिल, रात्री १०:३६

दोघांनाही पेढे.

टीडीएस_शून्य | १६ एप्रिल, रात्री ११:२५

ठीक, म्हणजे दोन्ही. निळसर म्हणजे तांबं आहे. किती, ते फिल्टर सांगत नाही. पॉलीफिल्टर बदलत राहा, सोबत चांगला कार्बन ठेवा. कार्बन डायनोचं विषही काही प्रमाणात ओढतो, दर चार-पाच दिवसांनी नवा घाला. या दोघांनी पाणी न बदलता तांबं उतरतं, त्यामुळे भांडण मिटलं. मूळ बंद करणं पहिलं: त्या प्युरिफायरचं एक थेंबही नको.

डायनोसाठी:

१८ ते २० वॉटचा यूव्ही. संपमध्ये नाही, थेट वरच्या टाकीतून पाणी ओढून वरच्याच टाकीत सोडणारा, आणि प्रवाह मंद. रात्री नक्की चालू.

दिवे ६ तासांवर आणा. पांढरा चॅनल निम्मा. वाटलं तर तीन दिवस पूर्ण अंधार, पण त्या काळात स्किमर बंद करायचा नाही, अंधारात प्राणवायू घसरतो. आणि नुसत्या अंधाराने काही बरं होत नाही, पोषण शून्यच असलं तर आठवड्यात परत उगवतात.

रोज संध्याकाळी, ते पाण्यात सुटायच्या आधी, थर पातळ नळीने ओढून १० मायक्रॉनच्या पिशवीतून गाळा आणि तेच पाणी परत टाकीत. पाणी बदललं नाही, डायनो मात्र कमी झाले.

नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर आणून तिथे धरा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं यालाच घाबरतात.

खारट_कोथरूड | १६ एप्रिल, रात्री ११:३८

नायट्रेट-फॉस्फेट आणू कुठून? बाटल्या बाहेरून मागवायच्या तर किंमत बघून घाम फुटतो.

जुन्नरकर | १७ एप्रिल, सकाळी ६:१०

मला कोरलमधलं काही कळत नाही, फक्त वाचत होतो. पण नायट्रेट-फॉस्फेट पाहिजे तर कृषी सेवा केंद्रात जा की राव. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. द्राक्षबागायतदाराला तोंडपाठ असतं. किलोची पिशवी तुमच्या टाकीला दहा जन्म पुरेल.

मुठेकाठची_रेवती | १७ एप्रिल, सकाळी ८:४४

जुन्नरकर, दंडवत घ्या. गोड्या पाण्यात वनस्पती लावणारे हेच वापरतात, पण इथे कुणाला आठवलं नाही.

२०० लिटरसाठी गणित:

नायट्रेट: ३३ ग्रॅम १३:०:४५ एक लिटर आरओ पाण्यात. १० मिली घातलं की नायट्रेट १ पीपीएमने वाढतं.

फॉस्फेट: १.४३ ग्रॅम ०:५२:३४ एक लिटरमध्ये, वेगळ्या बाटलीत. १० मिली घातलं की ०.०५ पीपीएमने वाढतं.

सुरुवात रोज २० मिली आणि १० मिली. नायट्रेट आकड्यात लगेच दिसेल. फॉस्फेट दिसणार नाही, कारण लोहाची पूड चालवून दगड कोरडे केलेत, ते आधी स्वतः पिऊन घेतील. आठवडाभर घालूनही शून्य दिसलं तर घाबरून एकदम पाचपट करू नका.

बाटल्यांवर मोठी नावं लिहा आणि फ्रीजमध्ये ठेवू नका. कुणीतरी सरबत समजेल.

जुन्नरकर | १७ एप्रिल, सकाळी ९:०२

एक इशारा माझ्याकडून. १९:१९:१९ घेऊ नका, त्यात युरिया आणि अमोनिया असतो. आणि पिशवीवर 'सूक्ष्म अन्नद्रव्यांसह' लिहिलं असेल तर ठेवून द्या. त्यात जस्त आणि तांबं असतं, म्हणजे तुमचा मूळ पाहुणा परत घरात.

पिंपळे_सौदागर | १७ एप्रिल, सकाळी ११:३०

बरं, मान्य. पण एवढं करण्यापेक्षा टाकी मोडून, दगड उकळून नव्याने सुरू केलं तर?

औंधकर | १७ एप्रिल, सकाळी ११:४१

दगड उकळू नका. हे ठळक लिहितोय. झोआ आणि त्यांच्या नातलगांमध्ये पॅलीटॉक्सिन असू शकतं. उकळताना ते वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातली माणसं दवाखान्यात जातात. अशा दगडावर गरम पाणी ओतणं, ब्रशने घासताना तोंडावर तुषार उडवणं, सगळंच टाळायचं. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा. कापताना पाण्याखाली.

शिवाय निर्जंतुक नवी टाकी म्हणजे डायनोला आंदण दिलेलं घर. स्पर्धक शून्य.

नवश्रीमंत_रीफर | १७ एप्रिल, दुपारी १२:२०

हे सगळं सॉफ्ट कोरलचं झालं. टाकी सावरली की अ‍ॅक्रोपोरा लावा, मग खरी मजा.

बावधन_बुद्रुक | १७ एप्रिल, दुपारी १२:५५

अ‍ॅक्रोपोरासकट सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्याच यादीत. समुद्री पंखे आणि समुद्री घोडेही कायद्याने संरक्षित. "दुकानात मिळतं" हा बचाव होत नाही. आपल्या किनाऱ्यावरचा प्रवाळी दगड उचलणंही तसंच, म्हणून सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा दगड वापरायचा. मशरूम आणि झोआमध्ये काय वाईट आहे?

इथे अवांतर थांबवतो.

सोसायटीचा_सेक्रेटरी | १८ एप्रिल, रात्री ९:१०

मग टॉप-अपचं पाणी आणायचं कुठून, ते राहिलंच. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, ते थेट चालेल का?

टीडीएस_शून्य | १८ एप्रिल, रात्री ९:५५

नाही. क्लोरीन आहे, आणि तुमच्या सोसायटीच्या टाकीत ते एकटं नसतं. महापालिका, टँकर आणि बोअर एकाच हौदात. मार्चपर्यंत टीडीएस दीडशे, मेमध्ये सहाशे, त्याच नळाला. बोअरचं पाणी बेसॉल्टमधून येतं, त्यात सिलिका भरपूर.

साधा संच: ५ मायक्रॉन सेडिमेंट, कार्बन ब्लॉक, ७५ जीपीडी (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेन, शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारं). टीडीएस ० आलाच पाहिजे, १ नाही. दोन गोष्टी लोक विसरतात. एक, दाब. वरच्या टाकीपासून नळ १० मीटर खाली असेल तर जेमतेम १४ पीएसआय मिळतो, मेम्ब्रेनला ५०-६० लागतो. सर्वात वरच्या मजल्यावर तर पाणी नुसतं वाहून जातं. बूस्टर पंप हवाच. दोन, सुरू केल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांचं पाणी टाकून द्या. बंद असताना मेम्ब्रेनपलीकडे क्षार झिरपतात आणि ते पहिलं पाणी डीआय संपवतं.

जुन्या घरगुती आरओचा सांगाडा वापरता येतो, पण मिनरल, कॉपर आणि टीडीएस कंट्रोलर ही तिन्ही मंडळी बायपास करून. पुशफिट कनेक्टर आणि पाव इंची नळी बोहरी आळीत मिळते. पितळी फिटिंग मात्र एकही नको. जे पाणी वाया जातं ते फरशीला.

रेझिन संपत आलं की सर्वात आधी सिलिका सुटते आणि ती टीडीएस मीटरला दिसत नाही. म्हणून मीटर १ दाखवायची वाट न बघता बदला.

औंधकर | १९ एप्रिल, सकाळी १०:३०

तापमानाचं कुणी बोललं नाही. ३० अंशांना खाऱ्या पाण्यात प्राणवायू समुद्रसपाटीला ६.२ मिग्रॅ मावतो, आणि पुणे साडेपाचशे मीटरवर, म्हणजे अजून सहा टक्के कमी. आजारी टाकीला हे परवडत नाही.

पुण्याचा उन्हाळा कोरडा आहे, त्याचा फायदा घ्या. २०० लिटर एक अंशाने उतरवायला साधारण ३५० मिली पाणी उडावं लागतं. संगणकाचे दोन १२ सेंमी पंखे पाण्यावर तिरके लावले तर दोन-तीन अंश सहज उतरतात. काचेचं झाकण काढून जाळी लावा. पावसाळ्यात पंखा निरुपयोगी होतो, पण तेव्हा गरजही कमी.

चिलर घेतलात तर तो ड्राय बाल्कनीत ठेवा. खोलीतच ठेवलात तर टाकीतली उष्णता खोलीत आणि खोलीतली परत टाकीत, वीज मंडळाची चांदी.

सोसायटीचा_सेक्रेटरी | १९ एप्रिल, सकाळी ११:०५

वीज मंडळावरून आठवलं. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की काय चालू ठेवायचं?

औंधकर | १९ एप्रिल, सकाळी ११:४८

पाणी हलतं ठेवणं पहिलं, बाकी सगळं नंतर. एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) आणि त्याचं तोंड पृष्ठभागाकडे. डीसी पंप १२ किंवा २४ व्होल्टवर चालतो, थेट बॅटरीवर जोडता येतो. इन्व्हर्टर साइन वेव्ह हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात. दिवे बंद, स्किमर बंद चालेल. कॅनिस्टर फिल्टर चार तासांहून जास्त बंद राहिला असेल तर आतलं कुजकं पाणी टाकून मगच सुरू करा.

खारट_कोथरूड | २० एप्रिल, रात्री ८:५०

क्षारता १.०२३ आहे, ती कशी चढवू? पाणीबदल तर करायचा नाही म्हणता.

मुठेकाठची_रेवती | २० एप्रिल, रात्री ९:१५

टॉप-अपमध्ये काही दिवस साध्या पाण्याऐवजी खारं पाणी घाला, ३५ चं. रोज ४ लिटर उडतं, त्याजागी ४ लिटर खारं म्हणजे रोज सुमारे १४० ग्रॅम मीठ. दिवसाला अर्ध्या हजारांशाच्या आसपास चढेल, आठवड्यात १.०२६ च्या जवळ. रोज मोजा. १.०२५ आली की परत शून्य टीडीएसचं साधं पाणी. मीठ कमी अल्कलिनिटीचं, ८ च्या आसपासचं घ्या. काही मिठांत ती ११-१२ असते, ते तुम्हाला आत्ता नको.

खारट_कोथरूड | ८ मे, रात्री १०:१५

तीन आठवड्यांचा आढावा. क्षारता १.०२५. अल्कलिनिटी ९.३, नुसती सोडून दिल्यावर. नायट्रेट ६. फॉस्फेट पहिले नऊ दिवस शून्यच होतं, आता ०.०७. यूव्ही २३ एप्रिलपासून. दगडांवरचा थर गेला, वाळूच्या एका कोपऱ्यात, जिथे प्रवाह कमी आहे तिथे, थोडा उरलाय. काचेवर हिरवी धूळ धरायला लागलीय. झोआ तीन चतुर्थांश उघडे. लेदरने पापुद्रा टाकला. तिसरा पॉलीफिल्टर नुसता तपकिरी.

टीडीएस_शून्य | ८ मे, रात्री १०:३०

काचेवरची हिरवी धूळ पुसताना वाईट वाटून घेऊ नका, तीच स्पर्धक आहे. एका बाजूची काच पुसूच नका. त्या कोपऱ्याकडे वेव्हमेकर वळवा. यूव्ही अजून महिनाभर चालू राहू द्या.

चिंचवडचा_चिमटा | ८ मे, रात्री १०:४१

औंधकर विरुद्ध टीडीएस, अंतिम निकाल काय मग?

औंधकर | ८ मे, रात्री ११:०२

गोगलगायींना विचारा.

खारट_कोथरूड | ८ मे, रात्री ११:०६

तोच पुढचा प्रश्न. गोगलगायी कधी आणू?

कॅल्शियमकाका | ९ मे, सकाळी ७:२०

मायक्रोस्कोपखाली सलग दोन आठवडे तीळ दिसला नाही की. आधी एकच आणा, पाच नाही. दोन तास थेंब थेंब पाणी देऊन रुळवा. क्षारतेतल्या झटक्याने गोगलगायी पटकन मरतात आणि मग खापर परत तांब्यावर. दहा दिवस काचेवर फिरली तर पुढच्या आणा.

आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की टॉप-अपचा कॅन किती दिवस पुरतो ते परत मोजा. फ्लोट स्विच (टॉप-अप आपोआप चालू-बंद करणारा) अडकला असेल तर उन्हाळ्यात लक्षात येत नाही, पावसाळ्यात येतं.

खारट_कोथरूड | ९ मे, सकाळी ७:५८

कॅनवर तारखा लिहायला सुरुवात केली. १३:०:४५ चं उरलेलं पाऊण किलो कुणाला हवं असेल तर कोथरूडहून घेऊन जा.

मुठेकाठची_रेवती | ९ मे, सकाळी ८:३०

मला द्या. गच्चीवर टोमॅटो आहेत.